मंगळवारी तो, शुक्रवारी मी

सेंट अ‍ॅन्स, नॉटिंगहॅम
७ ऑक्टोबर २०१०

डॅड,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस. म्हणून आता पत्र. तुझ्या कॅरॅव्हॅन पार्कच्या ऑफिसात ती मॉरीन आहे ना, तिला मी फोन केला होता. म्हणाली, "तू लिही गं पोरी. मी त्याच्या हातात ठेवीन आणि तो फोडेपर्यंत समोरून हलणार नाही." आवाजावरून बाई शब्दाची पक्की वाटली. तेव्हा तुझी सुटका नाही.

मी मजेत आहे. जर्मेनही मजेत आहे. (नाव वाचून कपाळाला आठी घातलीस ना? घाल.) भाडं वेळेवर जातं, बेकरीतलं माझं काम चालू आहे, जर्मेनला एजन्सी जवळजवळ रोज गोदामात बोलावते. सप्टेंबरमध्ये हे घर सोडून बॅग उचलून निघताना तू दारात जे म्हणालास, "या पोराला घरातला एक दिवा चालू ठेवता येणार नाही, कर्स्टी, नाताळच्या आत रडत माझ्याकडे स्केगनेसला येशील," त्यातलं काहीएक झालेलं नाही. हे एकदा सांगून विषय संपवते.

काल आम्ही गूज फेअरच्या जत्रेला गेलो. आईच्या त्या ठरलेल्या टपरीवर घोटलेले वाटाणे खाल्ले. जर्मेनने त्यावर पुदिन्याचा सॉस इतका ओतला की टपरीवाली म्हणाली, "पोरा, वाटाणे वाटीत राहू देतोस की पोहायला सोडतोस?" घरी आल्यावर मेणबत्त्या लावून चहा प्यायलो. जर्मेनला मेणबत्त्यांचं फार वेड आहे. आणि केटलपेक्षा गॅसवर पातेल्यात उकळलेल्या चहाची चव काही वेगळीच लागते, तूही करून बघ.

तुझी,
कर्स्टी


२५ ऑक्टोबर

डॅड,

मॉरीनने कळवलं की तू पत्र दोनदा वाचलंस आणि "हं" म्हणालास. "हं" हे काही उत्तर नव्हे, पण नसण्यापेक्षा बरं.

आज तुला हसवते. जर्मेन गोदामातून आल्यावर आपल्या स्वयंपाकघरात पोरांचे केस कापतो, डोक्यामागे चार पौंड. हात चांगला आहे त्याचा. पुढेमागे एखाद्या सलूनमध्ये स्वतःची खुर्ची भाड्याने घ्यायची असं त्याच्या मनात आहे. तर काल त्याचा चुलतभाऊ लॅमार आला. आज सकाळी बुटांच्या दुकानात त्याची मुलाखत होती. अर्धं डोकं छान झालं, मशीन कानापर्यंत पोचलं आणि घरातली वीज गेली. फ्यूज उडाला असणार.

लॅमार आधी हसला. मग त्याने डोक्याला हात लावून पाहिला आणि हसायचा थांबला.

"जर्मेन, दुसरी बाजू कधी करणार?"

"होईल रे, दम धर."

"मुलाखतीत पण असंच सांगू का? साहेब, दम धरा, उरलेला लॅमार मागून येतोय?"

शेवटी डोक्यावर टोपी ओढून दोघं ट्राममधून जर्मेनच्या आईकडे गेले आणि तिथे उरलेलं डोकं पुरं झालं. लॅमारने मुलाखतीत ही गोष्ट सांगितली म्हणे. दुकानाचा मॅनेजर इतका हसला की नोकरी तिथल्या तिथे देऊन टाकली. बघ, आमच्या घरात वीज गेली तरी कुणाचं तरी भलंच होतं.

थंडी सुरू झाली आहे. मी आईचा तो निळा कार्डिगन घालते. दोन घालते, खरं तर.

कर्स्टी


१५ नोव्हेंबर

डॅड,

फ्यूज उडाला नव्हता. विजेच्या मीटरमधले आगाऊ भरलेले पैसे संपले होते.

माणसाला सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मी महिनाभर आणून बघितलं. मेणबत्त्यांचं वेड वगैरे काही नाही, जर्मेनला मेणबत्तीच्या वासाने शिंका येतात. मीटरच्या चावीत मी दुकानातून पैसे भरून आणते, घरी येऊन चावी मीटरमध्ये घालते, आणि दोन दिवसांत मीटर पुन्हा बोंब मारतं. हीटर आम्ही लावतच नाही. दिवे किती, तर एक. अंगावर गोधडी घेऊन टीव्ही बघतो, तोही आवाज कमी करून, जणू आवाजाला जास्त वीज लागते. तू इथे असताना त्या चावीला कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. तुला हे एवढं कसं पुरायचं?

पैसे मागत नाहीये. चुकूनही पाठवू नकोस, परत पाठवीन.

मला टोचतंय ते वेगळंच. जर्मेनचा पगार होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातला तुकडा गायब. केस कापल्याचे पैसे कपाटावरच्या बरणीत ठेवायचे असं आमचं ठरलं होतं. बरणीत आता एक बटण आणि ट्रामचं जुनं तिकीट आहे. विचारलं तर म्हणतो, "गेले कुठेतरी." आमच्या कोपऱ्यावर बेटिंगचं दुकान आहे हे तुला माहीत आहे. मी काही म्हणत नाही. फक्त दुकान आहे एवढंच म्हणते.

हे तुला का लिहिते आहे कोण जाणे. तुला आनंद होईल म्हणून नक्कीच नाही.

कर्स्टी


२९ नोव्हेंबर

डॅड,

जर्मेन गेला.

बर्फ पडतोय आणि तो टोपीसुद्धा न घेता आईकडे निघून गेला. मी विचारलं, बेटिंगच्या दुकानात किती घालवलेस? त्याचा चेहराच पडला. मग म्हणाला, "आणि तुझे पैसे कुठे जातात गं? बेकरीत जेवायला मिळायचं ते अर्धं घरी आणतेस, नवे बूट घेणार होतीस ते घेतले नाहीस. मला काय कळत नाही? पत्रावर पत्रं जातात स्केगनेसला. तू बापाला पैसे पाठवतेस. जो माणूस मला नावाने हाक मारत नाही, त्याला!"

मी म्हटलं, माझ्या बापाला तुझ्या पैशांची गरज नाही, तो स्वतःच्या पायावर उभा आहे. कुणाचा एक पेनी ठेवत नाही तो. मी तुझी बाजू घेऊन भांडले डॅड, हे लिहून ठेव कुठेतरी.

तर तू जिंकलास. नाताळला अजून अवकाश आहे. रडतेय, पण स्केगनेसला येणार नाही.

क.


५ डिसेंबर, रविवार

डॅड,

आधीचं पत्र फाडून टाक. मॉरीनने वाचलं असेल तर तिलाही विसरायला सांग.

शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे चावी घेऊन मिस्टर सोहींच्या दुकानात गेले. तुला आठवत असतील, पगडी आणि आपल्यापेक्षा ठसठशीत नॉटिंगहॅमी बोली. माझ्या हातातली चावी बघून ते नेहमीच्या लाडाने म्हणाले, "काय गं डक, तुम्ही दोघं घरात भट्टी लावलीय की काय?"

"दोघं म्हणजे?"

त्यांनी जीभ चावली. मग म्हणाले, "आता सुटलंच तोंडातून, तर ऐक. मंगळवारी तो येतो, शुक्रवारी तू येतेस. तो म्हणतो, तिला सांगू नका, आधीच काळजी करते. तू म्हणतेस, त्याला सांगू नका, त्याला लाज वाटेल. मी दुकान चालवतो की कबुलीजबाब ऐकणारा पाद्री आहे?"

मी चावी तशीच हातात धरून बाहेर आले. बरणीतले पैसे, पगारातला तुकडा, सगळं त्याच भोकात गेलं होतं ज्यात माझे बूट गेले. आणि मी त्या पोराला जुगारी म्हणाले.

आज चर्च सुटायच्या वेळी मी त्याच्या आईकडे, मिस मर्लकडे गेले. हो, ती "मिसेस टलक" म्हटलं तर ओ देत नाही, मिस मर्लच म्हणावं लागतं. दार तिनेच उघडलं, डोक्यावर चर्चची जांभळी हॅट तशीच होती.

"आलीस? बूट काढ. तो आत तोंड पाडून बसलाय. काही बोलायच्या आधी जेवायचं. उपाशीपोटी भांडलं की भांडण लांबतं."

मग राजमा घातलेला भात, कोंबडी, तळलेलं पिकलं केळं. जर्मेनने माझ्या ताटात केळ्याचा एक जास्तीचा तुकडा सरकवला आणि मी ताटातच रडायला लागले.

"मंगळवार," मी म्हटलं.

तो बघतच राहिला. "सोहीने सांगितलं?"

"शुक्रवारी मी."

त्याला दोन क्षण लागले. मग तो असा हसला की मिस मर्लने त्याच्या पाठीत एक घातली, आणि मग तीही हसली. सगळं तिला सांगितल्यावर मात्र तिचं हसू थांबलं. हॅट काढून टेबलावर ठेवली.

"थांबा. दोघं भरता, हीटर बंद, दिवा एक. मग जातं कुठे? मीटरचं ते निळं बटण दाबून बघितलंत कधी?"

आम्ही दोघांनी माना हलवल्या.

"दोघांच्या खांद्यांवर डोकी आहेत की फक्त केस कापायला ठेवलीत? माझ्या बहिणीने असंच केलं होतं. घरात जुनी चावी मिळाली, बाईने खुशाल वापरली. चावीवर आधीच्या भाडेकरूचं देणं! तू पैसे घाल, मीटर आधी त्याचं देणं कापणार, मग तुला उरलंसुरलं. जा, बटण दाबा, आणि उद्या कंपनीला फोन करा. कुणा भामट्याचं देणं फेडताय तुम्ही."

घरी येऊन दोघांनी मिळून बटण दाबलं. आकडा आला. भला मोठा आकडा, डॅड. तुझ्याकडे ही चावी कुणाकडून आली कोण जाणे, तू तर कुणाचा पेनी ठेवत नाहीस; उद्या त्या भामट्याचं नाव कळेल.

कर्स्टी (आणि इथे बाजूला बसलेला जर्मेन)


६ डिसेंबर

डॅड,

बसला आहेस का? नसलास तर बस.

कंपनीच्या बाईचा आवाज गोड होता. म्हणाली, "ही चावी मिस्टर ग्रॅहम हाउझली यांच्या नावावर आहे. मागची थकबाकी दर आठवड्याला कापली जाते. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी," मी म्हटलं, आणि फोन जर्मेनच्या हातात दिला.

तू! नाकाने कांदे सोलणारा तू! "एक दिवा चालू ठेवता येणार नाही" म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आम्ही इथे गोधड्या पांघरून बसलो, लॅमार अर्ध्या डोक्याने ट्राममधून फिरला, मी जर्मेनला जुगारी ठरवलं, आणि तू समुद्राकाठी "हं" म्हणत बसला होतास. मी छाती फुगवून सांगितलं होतं, माझा बाप कुणाचा पेनी ठेवत नाही! जर्मेन म्हणाला होता, तू पैसे बापाला पाठवतेस. अगदी बरोबर बोलला बिचारा. मंगळवारी तो पाठवत होता, शुक्रवारी मी.

जर्मेनला हसू आवरत नाहीये. मलाही मधूनमधून येतंय, पण मी ते रागात बसवतेय.

बाईने उपाय सांगितला. मी माझ्या नावाने नवी चावी घ्यायची, मग जुनं देणं माझ्या पैशांतून कापलं जाणार नाही. ते तुझ्या मागे लागतील. फॉर्म येईल टपालाने.

पण आधी मला उत्तर हवं. एवढं देणं झालं कशाचं? कुत्र्यांच्या शर्यती? एखादी बाई? घरात दोन हीटर आणि एक टीव्ही, तू काय जळत ठेवलं होतंस? या वेळी "हं" चालणार नाही. तुझ्या अक्षरात लिही.

कर्स्टी


१४ डिसेंबर

डॅड,

तुझं कार्ड मिळालं. पुढे गाढवाचं चित्र, मागे एकच ओळ.

"तुझ्या आईला थंडी वाजायची."

मी ते जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसले.

आई आयुष्यभर आपल्या मागे फिरून दिवे बंद करायची. फ्रिज फार वेळ उघडा राहिला तर ओरडायची. आणि त्या शेवटच्या हिवाळ्यात तिच्या खोलीत हीटर दिवसरात्र चालू असायचा. ती म्हणायची, "ग्रॅहम, बंद कर ते. बिल कोण भरणार?" आणि तू म्हणायचास, "हॉस्पिटलवाले भरतात, पॉलीन. आजारी माणसाला सगळं माफ असतं." किती सहज म्हणायचास! तिचा विश्वास बसला. माझा पण. मग तर ती ऐटीतच आली. नर्स दारात आली की म्हणायची, "या, या, कोट काढा, हे मायोर्काचं ऊन आहे." बाह्या वर करून पलंगावर बसायची आणि मला डोळा मारून सांगायची, "सरकारकडून जन्मात पहिल्यांदा काहीतरी वसूल करतेय." बाहेर खिडकीवर बर्फ आणि आत आई गालांनी लालबुंद. मला तिचा तोच चेहरा आठवतो, डॅड. आजारी चेहरा आठवतच नाही. तो चेहरा तू विकत घेतला होतास हे मला माहीत नव्हतं.

मग बिल थकलं, आणि त्यांनी येऊन हे मीटर बसवलं असणार. तू कुणाला सांगितलं नाहीस. एकट्याने भरत राहिलास. मग माझ्याशी भांडलास आणि चावी तशीच ठेवून निघून गेलास, आणि मग सांगायचं कुठल्या तोंडाने, नाही का? मला कळलं. मी फार रडले, पण बरं वाटलं रडून.

जर्मेन कामावरून आला तेव्हा मी जिन्यातच होते. त्याने कार्ड वाचलं, मी सगळं सांगितलं. तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. कार्ड उलटून गाढव बघितलं. मग म्हणाला, "माझ्या आईला थंडी वाजली असती तर मीही हेच केलं असतं. आणि असंच खोटं बोललो असतो."

कंपनीचा फॉर्म आला होता. नवी चावी, नवं नाव, सही केली की आम्ही मोकळे. मी पेन शोधत होते, तर तो म्हणाला, "नको."

"नको काय? थंडीने मरतोय आपण."

"त्यातलं बरंचसं तर आपणच फेडलंय. तुझी आई उबेत राहिली त्याचे पैसे आहेत ते. कुणी तरी द्यायलाच हवेत, आपण देऊ. चोरून नाही, एकमेकांना सांगून. म्हणजे पुरतील."

फॉर्म आता फ्रिजवर आहे, त्यावर आम्ही दुधाचा हिशोब लिहितो.

तर पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर जर्मेनला वाईट वाटेल. त्यापेक्षा नाताळला ये. मिस मर्लही येणार आहे आणि तुझ्याशी भांडायला तिने खास वेळ राखून ठेवलाय. कोंबडी तीच करणार, तेव्हा भांडण पोटभर जेवल्यावरच होईल.

तुझी पोर,
कर्स्टी


२८ डिसेंबर

डॅड,

एव्हाना तू पोचला असशील. मॉरीनला तिचा केक दे, वाटेत खाल्ला नसशील तर. तुझ्यासमोर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

तू आलास तेव्हा दोघंही लाकडासारखे उभे होतात. "मिस्टर हाउझली." "हं." पहिला तासभर तू त्याच्याशी फक्त बर्फाबद्दल बोललास, तेही खिडकीकडे बघून. मला वाटलं, झालं, नाताळ गेला आपला. मिस मर्लने तुला तिसऱ्यांदा भात वाढला आणि म्हणाली, "मिस्टर ग्रॅहम, तोंड खाण्यासाठी वापरत नसाल तर बोलण्यासाठी वापरा," तेव्हा तू पहिल्यांदा हसलास.

मग जेवण अर्ध्यावर असताना भिंतीवरच्या मीटरने बारीक आवाज केला. तू ऐकलास. मीही ऐकला. घरातले चारही हीटर मी तुझ्यासाठी लावले होते, मिस मर्लने तिचे दोन आणले होते ते धरून. जर्मेन उठला, जाकीट घातलं आणि म्हणाला, "आलोच, दूध संपलंय." सोहींचं दुकान नाताळलासुद्धा तासभर उघडं असतं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

तो परत आला, कानांवर बर्फ, आणि मीटरमध्ये चावी घालून गुपचूप खुर्चीवर बसला. तू त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलंस. मी बघत होते तुझ्याकडे. तू काटा खाली ठेवलास.

"मिळालं दूध?" तू विचारलंस.

"संपलं होतं, मिस्टर हाउझली," तो म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही पठ्ठ्याची.

फ्रिजमध्ये दुधाच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या. थोड्या वेळापूर्वी तूच त्यातली एक बाजूला सारून बिअर घेतली होतीस. मग तू तुझी खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला लावलीस आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवलास.

"मीसुद्धा दूधच आणायला जायचो, जर्मेन," तू म्हणालास.

कर्स्टी